कापसाच्या शेतातला खड्डा

कापूस फुटला की मला घरात बसवत नाही. परभणीहून ताडकळसकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी पांढरी व्हायला लागते, भरलेले टेम्पो बाभळींना घासत जातात आणि काट्यांत अडकलेले पुंजके आठवडाभर तसेच लोंबत राहतात. दिवाळीला पुण्याहून आलेली माणसं गाड्या थांबवून त्याचे फोटो काढतात. माझा हात मोबाइलकडं जात नाही. तीन वर्षांपूर्वी, असाच हंगाम भरात असताना, शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मी एक फोटो काढला होता. तो अजून माझ्याकडं आहे. खोडून टाकावा असं दर दिवाळीला वाटतं. खोडत नाही.

आमच्या घरात देवांचं कपाट नव्हतं, पत्रकांचं होतं. बाबा शिक्षक, पण त्यांचा खरा जीव पत्रकांत. शाळा सुटली की कधी पाण्यासाठी, कधी रोजगारासाठी, कधी भोंदू बाबांच्या विरोधात काहीतरी छापून यायचं आणि आम्ही भावंडं जमिनीवर बसून त्याच्या घड्या घालायचो. बोटं काळी व्हायची. ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचायच्या आधी मी ‘जाहीर निषेध’ वाचला. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, पत्रक काढणारी आणि ज्यांच्यावर पत्रक काढायचं ती, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. अजूनही कधीकधी वाटतं, ते लपवत नाही.

बी.ए. झालं आणि पुढचं काही ठरेना, तेव्हा पूर्णा तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेत मी सर्वेक्षणाचं काम धरलं. गावोगाव फिरायचं, चालता-बोलता न येणारी मुलं शोधायची, त्यांचे फॉर्म भरायचे. कागदावर त्यांना दिव्यांग म्हणायचे. गावात ‘त्यांचं ते लेकरू’ म्हणायचे आणि बोट दाखवायचे. फॉर्ममध्ये घर पक्कं की कच्चं, संडास आहे की नाही, प्रमाणपत्र किती टक्क्यांचं, सगळं होतं. तुम्ही या लेकरासाठी दिवसभर काय काय करता, हा प्रश्न नव्हता. मलाही तो नसल्याचं जाणवलं नाही.

संस्थेत एक फिजिओ मॅडम होत्या, लातूरकडच्या. त्या एक गुरुवार सोडून एका गुरुवारी यायच्या आणि आयांना व्यायाम शिकवायच्या. मी गुरुवारी खेड्यात असायचे. शनिवारी फॉर्मचा गठ्ठा कारकुनाकडं टाकून निघून जायचे. लेकरं मोजणारी मी आणि लेकरांना हात लावणाऱ्या त्या, एकाच छताखाली पगार घेत होतो आणि एकमेकींना नावानंसुद्धा ओळखत नव्हतो.

गावाचं नाव लिहीत नाही. मागच्या वेळी लिहिलं होतं. मुलीचं नाव ईश्वरी लिहिते, ते तिचं नाही. वर्गात तिच्यापुढं बसणाऱ्या मुलीचं आहे आणि ते तिनं स्वतः निवडलंय. आईचं आशामती. तेही खरं नाही.

त्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं आणि पाडवा एक दिवस पुढं गेला. ग्रहणात चालता न येणाऱ्या लेकराला मातीत किंवा उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरलं की पाय सुटतात, अशी एक समजूत आपल्याकडं अधूनमधून डोकं वर काढते. बाबांनी त्यावर एकदा पत्रक काढलं होतं. मी त्याच्या घड्या घातल्या होत्या. म्हणजे ग्रहणानंतर चार-पाच दिवसांनी मी त्या गावात शिरले, तेव्हा काय दिसणार हे माझ्या डोक्यात आधीच छापून तयार होतं.

यादीतल्या त्या मुलीच्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, “समदे शेतात. लेकरूबी तिकडंच हाय.” मी धुऱ्याधुऱ्यानं निघाले. पहिली वेचणी चालू होती. बायका ओळीनं वाकलेल्या, कमरेला बांधलेल्या ओट्या कापसानं फुगून पुढं आलेल्या, दोन्ही हात एकाच वेळी दोन झाडांवर. आणि शेताच्या कडेला, जिथं पऱ्हाटी संपते तिथं, जमिनीतून एका मुलीचं डोकं, छाती आणि दोन हात वर आलेले. बाकीची मुलगी मातीत.

माझ्याजवळच्या तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, एक म्हातारी वेचत होती. मी विचारलं, “आजी, हे काय?”

तिनं मान वर केली नाही. “पाय न्हाईत ना तिचे चांगले. मातीत उभी करत्यात. सुटतेत म्हणं.”

“ग्रहणापासून का?”

“हौ, तवापास्नंच हाय की.”

म्हातारीनं बोटानं दाखवलेली तिची आई, आशामती, तासाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. दोन-तीनशे पावलं असतील. मी तेवढी चालले नाही. का चालले नाही, याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलेलं आहे. ऊन होतं. अंगात संताप होता. शेवटची एसटी गाठायची होती. खरं उत्तर एवढंच की मला तिच्याकडून काही कळून घ्यायचं नव्हतं, मला जे कळायचं ते कळलं होतं. मी फोटो काढला आणि माघारी फिरले. मुलीनं माझ्याकडं बघून हात हलवला. मी पत्रकात लिहिलं की ती मदतीसाठी हात उंचावत होती.

‘लेकरं पुरणाऱ्या गावाला जाहीर सवाल’ असं त्याचं नाव. खाली माझं नाव, वर गावाचं. फोटोत मुलीचा चेहरा मी पुसट केला, पण मागची चिंच आणि विजेचा वाकडा खांब तसाच राहिला, आणि आपल्या पंचक्रोशीत माणसं चेहऱ्यापेक्षा चिंचा जास्त ओळखतात. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, “धारदार झालंय.” एवढी शाबासकी त्यांनी मला दहावीलासुद्धा दिली नव्हती. ताडकळसच्या बाजारात मी स्वतः ते वाटलं. भाजीच्या पाटीत टाकलं, एसटीच्या खिडक्यांतून आत दिलं. चहाच्या टपरीवर कुणीतरी मोठ्यानं वाचलं. दोन दिवसांत गावातून फोन आला. पोलीस पाटील मुलीच्या घरी चौकशीला जाऊन आला, आणि खड्डा बुजवला गेला.

त्या रात्री जेवताना मी एक भाकरी जास्त खाल्ली. हे मुद्दाम सांगते. असल्या गोष्टी सांगताना माणसं ‘मनात कुठंतरी रुखरुख होती’ असं म्हणतात. मला नव्हती. मी फार मजेत होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला दिव्यांग दिनाचा कार्यक्रम झाला. दरवर्षी होतो. मंडप, शाल, नारळ, पाहुण्यांचं भाषण, आणि समोर खुर्च्यांवरून घसरणारी मुलं. कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडं होतं. सुरू व्हायला वेळ होता म्हणून मागच्या खोलीत फिजिओ मॅडम मुलांना तपासत होत्या आणि मी आयांना एकेक करून आत सोडत होते. एक बाई मुलीला कडेवर घेऊन आत गेली. सहा वर्षांची मुलगी, कडेवर घ्यायला मोठी झालेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर. मी ओळखलं नाही. मी तिला जमिनीच्या वरचीच तेवढी बघितली होती.

मॅडमनी तिला सतरंजीवर निजवलं, उजवा गुडघा हातात धरून हळूहळू सरळ करायला घेतला. अर्ध्यावर तो थांबला. मुलगी ओरडली. मॅडमनी पुन्हा केलं. पुन्हा तिथंच.

“गेल्या महिन्यात सरळ होत होता हा,” त्या म्हणाल्या. “घरी उभी करता ना?”

“करत होते.”

“मग?”

“थांबिवलं.”

“अहो, का? श्रावणात कॅलिपरचं, पायाला बांधायच्या पट्ट्यांचं, माप दिलंय आपण. ते येईपर्यंत पाय सरळ ठेवायचे एवढंच काम होतं. लाकडी चौकट येत नाही तोवर खड्डा करा म्हणून सांगितलं होतं ना मी? तुमचा तर सगळ्यात चांगला होता.”

आशामतीनं दाराकडं बघितलं. दारात मी होते. “ह्या ताईंला इचारा,” ती म्हणाली.

मग जे कळलं ते असं. ज्या लेकराचे पाय कडक असतात त्याला रोज तासभर तरी ताठ उभं करावं लागतं, नाही तर शिरा आखडतात आणि गुडघे वाकून बसतात. त्यासाठी एक लाकडी चौकट असते. ती मागवली होती, आली नव्हती. तोवर कमरेच्या वरपर्यंत खड्डा खणा, आत मऊ लावा, गुडघ्यांच्या पुढं गुंडाळी ठेवा आणि लेकराला त्यात उभं करा, माती धरून ठेवते, असं मॅडमनी आयांना जमिनीवर चित्र काढून शिकवलं होतं. बाकीच्या आयांनी दोन दिवस करून सोडून दिलं. आशामतीनं वेचणी सुरू झाली त्या दिवशी, म्हणजे ग्रहण होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, शेताच्या कडेला खड्डा खणला. काळ्या मातीत खाली ओल असते म्हणून आधी चुलीतली राख टाकली. चारी बाजूंनी बारदाना लावला. गुडघ्यांपुढं गोधडी गुंडाळून ठेवली. एक ओळ वेचून झाली की येऊन मुलीचे पाय बघायची, टाचा टेकल्यात का, आणि पुढच्या तासाला लागायची. मुलीसमोर बोंडं टाकलेली असायची. ती डाव्या हातानं त्यातला उरलासुरला कापूस काढायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायची.

घरी येऊन मी फोटो मोठा करून बघितला. बारदान्याची कड दिसते. राखेचा पांढुरका पट्टा दिसतो. मुलीच्या पुढ्यात बोंडांचा ढीग दिसतो. कुणी लेकरू पुरताना त्याच्यापुढं खेळायला बोंडं ठेवत नाही. सगळं फोटोत होतं. वाचता येणाऱ्या घरात जन्मून मला ते वाचता आलं नव्हतं.

पण हे घरी गेल्यावरचं. त्या खोलीत मॅडम “एकदा विचारायचं,” एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं गेलं. मी गेले आणि दीड तास निवेदन केलं. आवाज कुठंही कापला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

कार्यक्रम सुटल्यावर आशामती एसटीची वाट बघत उभी होती. मी जवळ गेले. पिशवी धरते म्हणाले. तिनं पिशवी दिली नाही.

“मी सातवी शिकलेली हाय, ताई,” ती म्हणाली. “समदं वाचलं. लय भारी लिवलं तुमी. वाचून मलाच माझा राग आला.”

मी म्हणाले, दुसरं पत्रक काढते. माझी चूक झाली असं लिहिते, माझ्याच नावानं.

“नगा. पयल्याचीच चर्चा सरंना अजून. मामा म्हणायलेत, पुन्हा खड्डा दिसला तर मीच घर सोडून जातो. त्येंच्या हातानं बुजिवला त्यांनी.” मामा म्हणजे तिचे सासरे. “म्हाताऱ्या माणसाला बाजारात लोकं इचारायलेत, नात पुरली का म्हून.”

“मग घरी? अंगणात?”

“अंगणात काय लोकं आंधळी हायेत? अन् घरी थांबंल कोण? दुसरी वेचणी लागली. बाजंवर निजवून जाते.”

एसटी आली. मुलीनं आईच्या खांद्यावरून मला हात केला. तिला माझ्याविषयी काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या वेचणीचा कापूस कमी असतो, तिसरीचा कवडीचा, मग फरदड, म्हणजे झाडांवर मागून धरणारी बोंडं, उरते. त्या वर्षी मी हंगाम असा मोजला: पहिल्या वेचणीला गुडघा सरळ, दुसरीला अर्ध्यावर, तिसरीला बाजेवर पाय पोटाशी घेतलेली मुलगी. फाल्गुनात कॅलिपर आले. चकचकीत पट्ट्या, नवे बूट, श्रावणातल्या मापाचे. बसवणाऱ्या माणसानं डावा पाय घातला, उजव्याशी दहा मिनिटं झटला आणि पट्टे सोडले. “हे आता जायचे नाहीत. आधी गुडघा सोडवावा लागंल,” म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. आशामती त्या बुटांकडं बघत होती. मुलगीही बघत होती. तिनं विचारलं, “मग हे कुणाला देणार?”

उन्हाळ्यात परभणीच्या दवाखान्यात दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, दर वेळी गुडघा थोडा जास्त ताणून. मी तीनदा सोबत गेले. आशामतीनं ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. बसस्टँडपासून मुलीला मी उचलायचे. वैशाखातलं ऊन आणि मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. ईश्वरी झाडूची काडी आत घालून खाजवत बसायची.

“ताई, आत मुंगी हाय.”

“मुंगी नाही गं. घाम आहे.”

“मग घामाला पाय हायेत. चालायलाय.”

आशामती हसली. माझ्यासमोर पहिल्यांदा. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा लगेच राग आला. मी तिथं स्वतःचं प्लास्टर काढायला आले होते की काय?

या सगळ्यातून मी निवळले, शहाणी झाले, राग सोडला, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. राग अजून आहे, वाढलाय. चौकट का आली नाही? श्रावणात घेतलेलं माप फाल्गुनापर्यंत कोणत्या टेबलावर पडून होतं? लेकराचे पाय शिबिराच्या तारखेची वाट बघत थांबतात असं कुणी ठरवलं? शेतात राबणाऱ्या आईनं रोज तासभर व्यायाम करून घ्यावा असं छापील तक्त्यात लिहिणाऱ्याला, त्या तासात तिचं काम कोण करणार हे लिहायला एक ओळ का सापडली नाही? एका बाईनं ते उत्तर स्वतः शोधलं, फावड्यानं. तेवढं एकच उत्तर त्या साऱ्या व्यवस्थेत चालू होतं, आणि ते मी बंद पाडलं. सवाल विचारायला मी बरोबर जागी गेले होते. फक्त जिच्यासाठी विचारायचे तिलाच विचारले.

रात्री मी आडवी पडते आणि ती दोन-तीनशे पावलं चालत राहते. कधी वाटतं तेव्हा चालले असते तर तिनं सांगितलं असतं, “मॅडमनं सांगितलंय,” आणि मी फॉर्म भरून निघून गेले असते, आणि मुलीचं नाव आज मला आठवलंही नसतं. हाही विचार झोपू देत नाही.

या वर्षी पहिली वेचणी लागली तशी मी गेले. हा लेख लिहून नेला होता. बाबांना म्हणाले होते की आधी तिला वाचून दाखवणार, तिनं नको म्हटलं तर फाडणार. बाबा म्हणाले, “आम्ही कधी असं केलं नाही.” मग, “करायला पाहिजे होतं का?”

दुपारी बायका भाकरीला बसल्या, तेव्हा आशामती माझ्यासोबत बाजूला आली. मांडीवर कापूस घेऊन त्यातला पाचोळा काढत ऐकत होती. ईश्वरी नऊ वर्षांची झालीय, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. सुट्टी होती म्हणून तीही होती. जीभ जड आहे, पण नीट कान दिला तर सगळं कळतं. तिला स्वतःचं खरं नाव छापून हवं होतं, मैत्रिणींना दाखवायला. आई म्हणाली, “गप. एकदा छापलेलं फिटंना अजून.” मग नावांवर बरीच घासाघीस झाली आणि ईश्वरीनं वर्गातलं ते नाव काढलं. “तिच्या नावाला काय झालं तर होऊ दे,” म्हणाली.

आशामतीनं खड्ड्याचा भाग दोनदा वाचायला लावला. राख आधी की बारदाना आधी, ते मी उलटं लिहिलं होतं. पोलीस पाटलाविषयी जास्त होतं ते कमी करायला लावलं; त्याची आणि तिची रोज त्याच रस्त्यावर गाठ पडते. माझ्या पश्चात्तापाचा एक लांब परिच्छेद होता. तो ऐकताना तिनं पाचोळा काढायचा थांबवला नाही, आणि संपल्यावर म्हणाली, “हे तुमचं तुमी बघा.” तो मी काढला. शेवट मी असा केला होता की आज ईश्वरी स्वतःच्या पायांवर उभी आहे.

तिचा हात थांबला. “कुठं उभी हाय?”

मी म्हणाले, शाळेत प्रार्थनेला उभी राहते ना ती, तुम्हीच मघाशी सांगितलं.

“भितीला टेकून राहती. उजवा गुडघा वाकडाच हाय. सरळ झाला तेवढा झाला. पुढं दाखवायचं होतं, तर त्या मॅडमच गेल्या, दीड वरीस झालं. तिथं कुणी आलंच न्हाई. कुलूप हाय खोलीला.” तिनं कापूस ओटीत टाकला. “वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हून लिवलं का ते, ताई?”

मी हो म्हणाले.

“मग खोडा. टेकून लिवा.”

ती उठली आणि तासाला लागली. मी तिथंच बसून ती ओळ खोडली. ईश्वरी टेकून उभी राहते. उजवा गुडघा सरळ होत नाही. तो बघायला मॅडमच्या त्या खोलीत दीड वर्षापासून कुणी नाही.